दुखानचा पहारेकरी

“काका, माइक जरा खाली धरा. तुमचा चेहराच दिसत नाहीये,” मोबाइल आडवा धरून वल्लरी म्हणाली.

गुरुप्रसादने माइक हनुवटीखाली आणला, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तारेच्या कुंपणाकडे पाठ करून तो उभा राहिला. कुंपणापलीकडे आखातातल्या दोह्यापासून तासाभरावरची, दुखानची जुनी तेलविहीर होती. बघायला गेलं तर तिथं फारसं काही नव्हतंच. एक जाड लोखंडी नळ, त्याच्या डोक्यावर चाकासारखी झडप आणि बाजूला एक पाटी. दोह्यातल्या मराठी मंडळाची चाळीसेक माणसं समोर अर्धगोल करून उभी होती. जानेवारीचं ऊन कोवळं होतं, समुद्राकडून वारा येत होता आणि पोरं आईबापांच्या पायांत घुटमळत होती.

“बेचाळीस साल,” गुरुप्रसादने सुरुवात केली. “महायुद्ध पेटलेलं. इथं तेल लागून दोन-तीन वर्षंच झालेली. शत्रू आला तर तेल त्याच्या हाती पडायला नको, म्हणून साहेबांनी विहिरी सिमेंटनं बुजवल्या, यंत्रं उचलली आणि सगळे निघून गेले. सगळे?”

इथे तो नेहमी थांबायचा. आजही थांबला.

“एक जण सोडून. आपला माणूस, रत्नागिरीचा. साहेब म्हणाला, चल. हा म्हणाला, मी इथलं मीठ खाल्लंय, मी पहारा देणार. पाच वर्षं, एकटा! रोज संध्याकाळी कंदील घेऊन फेरी. आणि युद्ध संपून साहेब परत आले, तेव्हा हा फाटक्या सदऱ्यात सलाम ठोकून उभा. म्हणाला, साहेब, एक खिळासुद्धा हललेला नाही!”

टाळ्या पडल्या. कोणीतरी शिट्टी मारली. “परफेक्ट, काका! एका टेकमध्ये,” वल्लरी म्हणाली. “वर्धापनदिनाला मोठ्या पडद्यावर हीच क्लिप लावायची.”

वल्लरी मंडळाची सेक्रेटरी होती. तिने तसं म्हटल्यावर गुरुप्रसादच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एरवी आठवडाभर त्याचं बोलणं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. रास लफानच्या गॅस प्रकल्पावर एका ठेकेदार कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. इंजिनीअरांची ड्रॉइंग्ज त्याच्याकडे यायची, तो त्यांवर नंबर घालायचा, शिक्का मारायचा आणि पुढे पाठवायचा. सकाळी साडेचारला दोह्यातल्या अल नस्रच्या कोपऱ्यावर कंपनीची बस, संध्याकाळी सहाला परत. बायको नीता अकरा वर्षांपूर्वी मुलगी ज्ञानदाच्या कॉलेजसाठी नाशिकला परतली होती, तेव्हापासून तो आणखी दोघांबरोबर एका फ्लॅटमध्ये राहत होता. महिन्यातून एका शुक्रवारी मात्र मंडळाची दुखानची सहल निघायची आणि तो माइक हातात घ्यायचा. विहीर, झिक्रीतचा किनारा, ओस पडलेली जुनी घरं, सगळं त्याने स्वतः वाचून, विचारून गोळा केलं होतं. त्यातही पहारेकऱ्याची गोष्ट म्हणजे त्याचा हुकमी एक्का. क्रेन चालवणारे श्यामराव निवृत्त होऊन गावी जाताना सहज म्हणाले होते, “इथं म्हणे लढाईच्या काळात रत्नागिरीकडचा कोणी एक जण राहिला होता.” एवढंच. कंदील, सलाम आणि न हललेला खिळा ही भर गुरुप्रसादची. सात वर्षांत ती इतकी घोटून झाली होती, की आपण तिथे हजर होतो असंच त्याला वाटायचं.

लोक करक चहाच्या थर्मासांकडे वळले. कुंपणापाशी एक म्हातारी तेवढी उभी राहिली. डोक्यावरून पदर, पायात मोजे आणि चपला, एक हात तारेवर. आफताब नावाच्या तरुणाची ती आजी. आफताब वल्लरीच्याच ऑफिसात होता आणि दोन महिन्यांसाठी आलेल्या आजीला त्याने मुद्दाम या सहलीला आणलं होतं.

“चाची, चहा घ्या ना. वारा आहे,” गुरुप्रसाद कप घेऊन जवळ जाऊन म्हणाला.

“घेते.” ती हलली नाही. “दादा, तो तुमचा पहारेकरी. त्याचं नाव काय व्हतं?”

“नाव कोणालाच ठाऊक नाही, चाची. तीच तर गंमत आहे.”

“माझे अब्बा हिते व्हते,” ती म्हणाली. “इब्राहिम सोलकर. बाणकोटचे. कॅम्पावर रांधायला व्हते. आमच्याकडे सगळी म्हणायची, इब्राहिम दुखानला राहिला. मी पोर, मला वाटायचं दुकानात राहिला. कसलं दुकान म्हणून आयेला विचारायची, तर ती उठून आत जायची.”

गुरुप्रसादच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. “म्हणजे… पहारा देणारे तेच?”

“पहारा कसला, दादा. त्यांना ताप भरलावता. सगळी गेली तेव्हा बोट भरलेली. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पंधरा दिसांनी दुसरी येतेय, तवर पड हितंच. ती आली नाय.”

“आलीच नाही?”

“नाय. बोट बहरीनवरनं यायची, म्हणून अब्बा रोज त्या किनाऱ्यावर जाऊन बसायचे.” तिने हनुवटीनेच समुद्राची बाजू दाखवली. “हितल्या कोळ्यांनी जगवलं. त्यांच्याच घरात खायला नव्हतं तवा, मोत्यांचा धंदा बसलेला. खजूर नि सुकी मासळी, त्यातलाच घास ह्यांना. ते सांगत व्हते, दोह्याला जा, गलबत मिळेल. पण ह्यांच्या डोक्यात एकच. मी तिकडं गेलो आणि मागनं बोट आली तर? असं करत चार वर्सं. शेवटी त्या लोकांनीच उंटावर बसवून दोह्याला पोचवलं. घरी आयेला तवर कोणी काय कळवलं नव्हतं.”

श्यामरावांचं वाक्य गुरुप्रसादला जसंच्या तसं आठवलं. राहिला होता. त्या एका शब्दात दोन्ही अर्थ होते, आणि त्याने सात वर्षं त्यातला आपल्याला हवा तो उचलला होता.

“माझ्याआधी एक बहीण व्हती,” म्हातारी पुढे म्हणाली. तिचा आवाज बाजारहाटाचं सांगावं इतका सरळ होता. “अब्बा निघाले तवा आठ महिन्यांची. मागनं गोवरानं गेली. अब्बांना ते घरात शिरल्यावर कळलं. चार वर्सं ते मनात तिला मोठी करत व्हते. आता चालत असंल, आता बोलत असंल. मग मी झाले, तर मला तिचंच नाव दिलं, ताहेरुन्निसा. माझं नाव माझं नाय, दादा. तिचं हाय.”

कुंपणाच्या तारेत अडकलेली प्लास्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडत होती. गुरुप्रसादने ती उगाचच सोडवली आणि खिशात कोंबली.

“चाची, मी चुकीचं सांगत आलो,” तो म्हणाला. “मला फक्त एक ओळ माहीत होती. बाकीचं मी रचलं.”

“चांगलं रचलंस की. लोकांनी टाळ्या दिल्या.” ती हसली. त्यात टोमणा नव्हता, हेच त्याला जास्त लागलं. “तुझा माणूस दुसराच कोणी असंल. मला काय ठाऊक?”

“मी हे सगळ्यांना सांगू का? आता, बसमध्ये?”

तिने तारेवरचा हात काढला. “अब्बांनी बाहेर कोणाला सांगितलं नाय. लाज वाटायची त्यांना. लोक म्हणतील, हा काय एवढा फालतू, की न्यायला कोणी आलं नाय.” मग तिने चहाचा कप त्याच्या हातातून घेतला. “सांग. पण नाव घेऊन सांग. बिननावाच्या माणसाला तुमी लोक हवं ते करायला लावता.”

परतीच्या वाटेवर बस निघाल्यावर तो वल्लरीच्या शेजारी जाऊन बसला आणि त्याने तिला थोडक्यात सांगितलं. तिने नीट ऐकून घेतलं. ती काही वाईट बाई नव्हती.

“काका, पण त्यांचे वडील तेच होते कशावरून?”

“तसं त्याही म्हणत नाहीत. पण माझा पहारेकरी तरी होता कशावरून?”

“अहो, पण कार्यक्रम आनंदाचा आहे. पंचवीस वर्षं झाली मंडळाला. लोकांना उभारी येईल असं काहीतरी हवं. ही गोष्ट इतकी छान आहे! कोण तपासायला जाणारे?”

“आमच्याकडे नवं ड्रॉइंग आलं ना, की जुन्यावर रद्दचा शिक्का मारतात,” गुरुप्रसाद म्हणाला. “जुनं कितीही सुबक काढलेलं असो. मीच मारतो.”

तो उठला आणि ड्रायव्हरच्या मागचा माइक त्याने हातात घेतला.

सात वर्षांत पहिल्यांदाच पुढचं वाक्य काय, हे त्याला माहीत नव्हतं. “मंडळी,” तो म्हणाला, “सकाळी मी सांगितलेली पहारेकऱ्याची गोष्ट खरी नाही. ती मी रचली होती. खरा माणूस मला आज कळला. त्यांचं नाव इब्राहिम सोलकर. त्यांची मुलगी आपल्या बसमध्ये आहे.”

मग त्याने म्हातारीने सांगितलं तेवढंच सांगितलं. कुठे थांबला नाही, आवाज चढवला नाही. मागच्या सीटवर कोणीतरी चिवड्याचा डबा उघडत होतं, ते मध्येच थांबलं. काहींनी म्हातारीकडे वळून बघितलं, काही मोबाइलमध्येच होते. टाळ्या अर्थातच पडल्या नाहीत.

तिसऱ्या रांगेतली दहा वर्षांची गौरी उठून उभी राहिली. “बट व्हाय डिडन्ट दे कम बॅक फॉर हिम?”

आफताबने आजीच्या कानाशी लागून प्रश्न सांगितला. म्हातारी मागे वळली.

“इसरली असतील, पोरी. लढाई मोठी व्हती.”

दोह्यात शिरल्यावर अबू हमूरला आफताबचं घर आलं. उतरताना म्हातारीने गुरुप्रसादच्या डोक्यावर हात ठेवला. बस सुटली तरी ती दोघं फुटपाथवर उभीच होती.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी नीताचा फोन आला. “झालं का शूटिंग? ज्ञानदा विचारत होती, बाबांचा व्हिडिओ कधी येणार.”

“येणार नाही बहुतेक,” तो म्हणाला, आणि त्याने तिला सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिटी झाली, नीताने गॅस बंद केल्याचा आवाज आला.

“एक सांगू? रागावू नका,” ती म्हणाली. “मला ती आधीची गोष्ट कधी आवडलीच नव्हती.”

“का गं? कधी बोलली नाहीस.”

“त्यात त्याच्या बायकोचं काही नव्हतं. पाच वर्षं हा मीठ खाल्लं म्हणून उभा. आणि ती काय करत होती? ते तुम्हाला कधी सुचलंच नाही.”

गुरुप्रसाद पलंगाच्या कडेवर बसला. खाली गल्लीत बकाला म्हणतात त्या किराणा दुकानातून लोक पाण्याचे कॅन उचलून नेत होते. “दोन वर्षं, दोन वर्षं करत अकरा झाली, नाही का?” तो म्हणाला.

“मी मोजत नाही हल्ली,” नीता म्हणाली. “जेवलात का?”

वर्धापनदिनाला मोठ्या पडद्यावर शहानियाच्या शर्यतीचे उंट आणि मुलांचा नाच दाखवला. क्लिप नव्हती, जुनीही नाही आणि नवीही नाही. वल्लरी मध्यंतरात त्याच्याशी हसून बोलली, वडा घ्या म्हणाली. त्याने घेतला. पुढच्या रांगेत बसायला सांगितलं होतं, तरी तो मागेच बसला.

फेब्रुवारीच्या शुक्रवारी बस पुन्हा दुखानला गेली. या वेळी माणसं कमी होती, पंचवीसेक. ताहेरुन्निसाचाची तोवर गावी परतली होती. गुरुप्रसाद कुंपणापाशी उभा राहिला. विहिरी कधी खोदल्या, का बुजवल्या, ते त्याने सांगितलं. मग म्हणाला, “इथे बाणकोटचे इब्राहिम सोलकर स्वयंपाकी होते. सगळे गेले तेव्हा ते तापाने पडले होते. बोट परत येईल म्हणून त्यांनी चार वर्षं वाट पाहिली. इथल्या कोळ्यांनी आपल्या घासातला घास देऊन त्यांना जगवलं. घरी त्यांची बायको होती. तिलाही कोणी काही कळवलं नव्हतं. आणि एक मुलगी होती, ताहेरुन्निसा. ती त्या काळात गेली.”

बस्स, एवढंच. गोष्ट फार लहान झाली होती. एका बाईने पदर सावरला, कोणी घसा खाकरला. मग एकेक करून सगळे बसकडे चालू लागले.

गुरुप्रसाद मात्र थांबला. ऊन वर आलं होतं आणि पलीकडचा समुद्र इतका शांत होता, की पाणी कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. तो बघत राहिला. किती वेळ, ते त्याच्या ध्यानात आलं नाही. बसचं इंजिन सुरू झालं. ड्रायव्हरने हॉर्न दिला, पुन्हा दिला. तेही त्याला दुरून कुठून तरी ऐकू आल्यासारखं वाटलं.

वाळूतून पावलं वाजली. शोभा नावाच्या, सहलीला पहिल्यांदाच आलेल्या बाई बसमधून उतरून तेवढं अंतर चालत आल्या होत्या. धाप लागली होती त्यांना.

“गुरुकाका, चला ना. सगळे थांबलेत तुमच्यासाठी.”

“हो, हो. आलोच. तुम्ही व्हा पुढे.”

पण त्या पुढे झाल्या नाहीत. ओढणी वाऱ्यात धरून तिथेच उभ्या राहिल्या. तो वळून चालू लागला, तेव्हा कुठे त्याही त्याच्या बरोबरीने निघाल्या.