आबांचा राहिलेला भाग

"टीव्ही, खरं सांग, सात वाजता या खुर्चीत कोण बसतं?"

राजेश्वरीने हे माझ्या काचेला नाक लावून विचारलं. खिडकीबाहेर शेजारची ब्राह्मी आणि धवल उभे होते. आत जाऊन विचारायची पैज त्यांचीच. "विचारलंस व्हय? का नुसतीच उभी हायस?" धवल ओरडला.

"विचारलं की! तू ये की आत, शूरवीर!" राजी म्हणाली. धवल मागेच सरला.

मित्रांनो, मी एक जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही आहे. मुक्काम पलूस. मला बोलता येतं, पण फक्त दुसऱ्यांनी लिहिलेलं. म्हणून राजीला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला देतो.

राजीच्या आजोबांनी, केरबाआबांनी, मला सांगलीहून गोधडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन जीपमधून आणलं. आल्या आल्या हळदकुंकू लागलं. मला बघायला अख्खी गल्ली दाटीवाटीने बसायची! पुढे भिंतीवर चपटा टीव्ही आला आणि माझी रवानगी आबांच्या मागच्या खोलीत झाली. वाईट वाटलं. पण आबा मला रोज धोतराच्या सोग्याने पुसायचे.

सातला आम्ही दोघं 'गोंधळे मंडळी' हे कार्टून बघायचो. त्यातली आई रोज भाकरी करपवायची आणि आबा खो खो हसायचे. हसण्याच्या शेवटी त्यांना हमखास ठसका लागायचा.

एकदा मात्र भलताच भाग लागला. गोंधळ्यांची आई दवाखान्यात होती. बापाने भाकरी मुद्दाम करपवली, घराला आईचा वास यावा म्हणून. पोरं मुकाट्याने ती खात होती. आबांनी डोळे पुसले, मग छातीवर हात दाबला. भाग अर्धाच झाला होता. त्यांना मिरजेच्या दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

पुढचं मी घरच्यांच्या तोंडून ऐकलेलं. दहाव्याला कृष्णाकाठी पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. माणसाची इच्छा राहिली की असं होतं म्हणे. राजीचे पप्पा, नानासो, म्हणाले, "आबा, द्राक्षबाग नीट सांभाळू." कावळा बाभळीवर गप्प. "राजीला लय शिकवू." कावळ्याने नुसती मान वाकडी केली. तेवढ्यात राजी रडत ओरडली, "आबा, गोंधळ्यांची आई घरी आली का न्हाई, ते दावू तुमाला!"

आणि कावळा खाली उतरला.

तेव्हापासून नानासो रोज सातला मला लावतात. दारातूनच रिमोट दाबतात, आत पाऊल टाकत नाहीत. तो भाग पुन्हा कधी लागेल, कुणाला ठाऊक? तोवर मी रिकाम्या खुर्चीला विनोद सांगतो. मित्रांनो, समोर कोणी हसत नसलं की विनोदाचीसुद्धा भीती वाटते.

आज राजी आत असतानाच सात वाजले. नानासो दारात आले. "राजी! भाईर ये आधी!" असं म्हणता म्हणता त्यांनी सवयीने बटण दाबलं, आणि माझ्या काचेवर गोंधळ्यांचा बाप भाकरी करपवू लागला.

तोच भाग!

राजीची आईही धावत आली. कोणी हललं नाही. शेवटी गोंधळ्यांची आई घरी आली, करपलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "मीठ विसरलात." कार्टूनमधलं हसू फुटलं आणि थांबलं.

मग एक हसू उशिरा आलं. माझ्या स्पीकरमधून काय निघतं ते मला कळतं. हे माझं नव्हतं. त्याच्या शेवटी ठसका होता.

खिडकीबाहेर धावत्या पावलांचा आवाज आला.

नानासोंनी हात जोडले. "सुटलं म्हातारं. आता ह्यो टीव्ही, ती खुर्ची, समदं भंगारात घालू. खोलीला कुलूप लावू."

मित्रांनो, जुन्या वस्तूला जपणं म्हणजे नुसतं पुसणं नव्हे. कधीतरी तिच्यासमोर बसावंही लागतं.

राजी पुढे गेली आणि आबांच्या खुर्चीत बसली. खुर्ची उबदार असावी, कारण ती दचकली. पण उठली नाही.

"पप्पा, आई, ऐकून ठेवा. कुलूपबिलूप काय न्हाई. उद्यापासून सातला हितं मी बसणार, आणि लय मोठ्यानं हसणार."