तीन हजार फाइली आणि एक टाकी

मला पसारा सहन होत नाही, हा माझा जुना रोग. आमच्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत तीन हजार एक्सेल फाइली होत्या. प्रत्येकीच्या पोटात ती कोणी बनवली, शेवटी कोणी बदलली, कधी बदलली, याची नोंद आपोआप साठलेली. कुठे 'यूजर१', कुठे अर्धवट नाव, कुठे कधीच नोकरी सोडून गेलेली बाई. साहेब म्हणाले, "हे एकदा नीट करून टाका." मी चाळीस ओळींचा कोड लिहिला. चहा पिऊन येईपर्यंत सगळीकडे 'प्रयोगशाळा' हे एकच नाव आणि एकच तारीख. साहेबांनी शाबासकी दिली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. मूळ प्रत आधी बाजूला ठेवा, असं नव्यांच्या कानीकपाळी ओरडणारी मी, मीच ती ठेवली नाही.

पंधरा दिवसांनी एका वस्तीतली मुलं आजारी पडली. त्यातली एक मुलगी गेली. तिथल्या टाकीचं पाणी आमच्या फाइलीत 'पिण्यायोग्य' होतं, आणि तपासणी होती काटेकोर काकांची. हे नाव आम्हीच चिडवायला ठेवलेलं. गृहस्थ पेन्सिलसुद्धा टेबलाच्या कडेला समांतर ठेवतात. निवृत्तीला चार महिने राहिले होते.

ते सरळ माझ्या टेबलाशी आले. "पोरी, मी 'अयोग्य' लिहिलं होतं. मागाहून कोणीतरी बदललंय. ते कोणी बदललं, हे फाइलीच्या आत असतं ना? तूच दाखवलं होतंस. तेवढं काढून दे, म्हणजे मिटलं."

मी त्या टाकीची फाइल उघडली. प्रयोगशाळा. दुसरी उघडली, तिसरी उघडली, एखादी तरी सुटली असेल म्हणून. एकही सुटली नव्हती. काम चोख केलं होतं मेलीनं. जुन्या प्रती आठ दिवसांनी आपोआप पुसल्या जातात, असं संगणकवाल्यानं फोनवर सांगितलं.

"काका, ते मी पुसलं," मी म्हणाले. "सगळ्याच फाइलींचं." त्यांनी माझ्या टेबलावरची पेन्सिल कडेला समांतर करून ठेवली.

चौकशीतही मी तेच सांगितलं. साहेबांना त्या टाकीचं आधीपासून माहीत होतं का, देव जाणे. समितीनं लिहिलं, पुरावा नाही. काका निलंबित झाले.

महिन्यानं मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला फाडफाड बोलावं, एवढीच इच्छा होती. काकू दार उघडून तशाच आत गेल्या. काका खुर्चीत बसले होते, दाढी वाढलेली.

"रोज आठवून बघतो," ते म्हणाले. "आधी लख्ख दिसायचं, मी 'अयोग्य' लिहिताना. आता दिसत नाही. बोट चुकलंही असेल गं. वय झालं. ती पोरगी माझ्यामुळेच गेली असेल."

"नाही काका. तुम्ही चुकणार नाही."

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत इतकी आशा होती की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"तू ती नोंद पाहिली होतीस? पुसायच्या आधी?"

मी ती फाइल उघडूनही पाहिली नव्हती.