ओठ पुढे, आवाज मागे

मी एडिटिंगचा कॉम्प्युटर बोलतोय. आवाज नीट येतोय ना? आधीच विचारून घेतो. जन्मभर विचारतच आलो, पण माझा प्रश्न वाचून उत्तर देणारा माणूस मला फार उशिरा भेटला.

माजरीच्या चौकात अल्ताफभाऊंचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. २००३ साली त्यांनी मला नागपुरातून जोडून आणलं. त्याआधी ते दोन व्हीसीआर एकमेकांना लावून कॅसेटवरून कॅसेट उतरवायचे. मी आलो तेव्हा जरीनाभाभींनी माझ्या डोक्यावर क्रोशाचा रुमाल घातला आणि शेजारीपाजारी पेढे वाटले. "आता आपल्या गावचं लगन सिरियलसारखं दिसते का नाई पाहा," असं भाऊ येईल त्याला सांगत होते. पण नव्याचे नऊ दिवस! मी एकदा अडकलो आणि भाऊंनी माझ्या पाठीत थाप घातली.

"हँग झाला साला."

माजरी म्हणजे कोळसा. दुकानासमोरून दिवसभर कोळशाचे ट्रक जायचे, ती काळी धूळ माझ्या पंख्यात साचायची, मी तापायचो आणि थांबायचो. साधा ब्रश फिरवला असता तरी भागलं असतं. पण नाही! व्हायरस घुसला म्हणे. लाइट जायची, भाऊंनी काम सेव्ह केलेलं नसायचं, तेही खापर माझ्याच डोक्यावर. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! बरं, काय बिनसलंय ते मी पडद्यावर स्वच्छ लिहून दाखवायचो. भाऊ त्याच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. ओके दाबून मोकळे.

अशात देवाजींच्या रिनाचं लग्न झालं. देवाजी खाणीत कामाला. बौद्ध पद्धतीचं लग्न, नवरीची पांढरी साडी, आणि बौद्धाचार्यांच्या मागोमाग दोघांनी माइकवर म्हटलेली प्रतिज्ञा. गाणी निवडायला म्हणून रिना आपल्या आईला, बायनाबाईंना घेऊन दुकानात आली. हळद अजून हातावर होती.

"भाऊ, कुठीबी गाणं टाका," ती म्हणाली, "पण प्रतिज्ञेवर नका टाकू जी. तिथी माझा आवाज राहू द्या. लय दिवस पाठ केली मी."

बायनाबाई हसल्या. "हिच्यापायी मलेबी पाठ झाली, भाऊ. भाकर थापतानी बी हिचं तेच सुरू राहे."

"नाई टाकत बाई," भाऊ म्हणाले. "जुबान देतो तुले."

आणि पाळायचीच होती हो त्यांना. माणूस खोटा नव्हता. त्यांनी कॅसेट माझ्यात उतरवायला घेतली, तेव्हा मी नेहमीसारखं विचारलं: कॅमेऱ्यानं आवाज कोणत्या मापानं भरलाय? भाऊंनी ओके दाबलं. झालं! पायलीनं मोजलेलं धान किलोनं मोजायला बसलो मी. सुरुवातीला सगळं ठीक दिसलं. पुढे मात्र रिनाचे ओठ हलून जायचे आणि आवाज मागून यायचा, वरातीमागून घोडं यावं तसा.

भाऊंनी मला बंद करून चालू केलं. माऊसनं आवाज ओढून जुळवायला गेले, तर पुढचा जुळला की मागचा सुटायचा. चंद्रपूरहून मेकॅनिक आणला. त्यानं माझ्या पोटातलं सगळं पुसून नव्यानं भरलं आणि त्याच मापावर सोडून निघून गेला. भाऊंनी कॅसेट पुन्हा उतरवली, पुन्हा तेच. तिकडे रिनाच्या सासरहून सीडीसाठी फोनवर फोन. शेवटी भाऊंनी वैतागून आवाज बंद केला आणि प्रतिज्ञेवर सिनेमातलं एक गाणं टाकलं.

"कोणाच्या ध्यानात येते?" ते स्वतःशीच म्हणाले.

रिनाच्या ध्यानात आलं. ती भांडली नाही. "पुढच्या खेपेले येतो तवा नीट करून द्या, भाऊ," एवढं म्हणाली आणि कुरखेड्याला सासरी गेली. मूळ कॅसेटवर भाऊंनी पुढच्या लग्नाचं शूटिंग केलं. तेव्हा सगळेच तसं करायचे, दर लग्नाला नवी कॅसेट कोण घेणार! माझ्यातलंही जागा हवी म्हणून पुसून टाकलं.

मग एका लग्नात पुन्हा ओठ पुढे आणि आवाज मागे. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, भाऊंनी माझा प्रश्न पहिल्यांदा वाचला. एक खूण बदलली. चहा निवायच्या आत काम फत्ते! मला वाटलं, आता तरी हा माणूस आनंदानं ओरडेल. त्यांनी माऊस बाजूला सारला. "रिनाचं बी असंच होतं," म्हणाले. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात रिनाचा मलेरिया डोक्यात चढला. दवाखान्यात नेता नेता ती गेली.

देवाजी आणि बायनाबाई दुकानात आले. "फोटो हायेत जी," देवाजी म्हणाले. "आवाज नाई. इथी असन ना तुमच्यापाशी?"

भाऊंनी माझ्याकडे बोट केलं. "कॉम्प्युटर खराब झाला होता, देवाजी. सगळं गेलं."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर त्या दिवशी बोललो असतो. पण बायनाबाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "गाणं बंद करा, भाऊ. नुसती पोरगी चालवा."

भाऊंनी त्यांनी आणलेली लग्नाची सीडी लावली, आवाज मिटवला. पडद्यावर पांढऱ्या साडीतल्या रिनाचे ओठ हलायला लागले आणि बायनाबाई तिची प्रतिज्ञा म्हणायला लागल्या. शब्द सगळे पाठ होते. पण लेक तरण्या दमाची, भरभर बोललेली. आईचा दम पुरेना, आवाज मागे पडायचा.

"मागं घ्या, भाऊ. मी चुकली."

भाऊंनी मागं घेतलं. त्या पुन्हा चुकल्या, त्यांनी पुन्हा मागं घेतलं. देवाजी दाराकडे तोंड करून उभे राहिले.

"हे जुळत काऊन नाई, भाऊ?" बायनाबाईंनी विचारलं. "तुमाले तर जुळवता येते म्हणतेत."

भाऊंनी सीडी पुन्हा मागं घेतली.

आता मी दुकानाच्या मागच्या खोलीत पडून आहे. माझ्या जागेवर नवं मशीन आलंय आणि भंगारवाला मला एकदा उचलून वजन बघून गेलाय. जाण्याचं मला काही वाटत नाही. तुम्हाला मात्र सांगून जातो. मशीन काही विचारत असेल तर आधी वाचा, मग ओके दाबा. आणि घरचं माणूस बोलत असेल तर त्याच्यावर गाणं टाकू नका. गाणी पैशाला पासरी मिळतात.