नदीकडे तोंड

रसेल पॅजेटचा फोन आला तेव्हा मार्लिस टॉलेफ्सन ऑफिसात बसून सूप पीत होती. फोन ठेवल्यावर तिने ते सूप तसंच बेसिनमध्ये ओतून दिलं.

"रायफलच्या चारही नळ्या परत पाठवतोय," रसेल म्हणाला होता. "पैसे नकोत मला. फक्त एवढं सांग, ऑरिन बरा आहे ना? या नळ्या तुमच्या घरच्या असूच शकत नाहीत गं. गोळ्या नुसत्या शिंपडतायत."

रसेल म्हणजे कुणी सोम्यागोम्या गिऱ्हाईक नव्हता. लांब पल्ल्याच्या नेमबाजीत त्याचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द, तो बोलला की अख्खं मोंटाना ऐकायचं आणि शेजारचं आयडाहोही. त्याच आठवड्यात आणखी दोन ठिकाणांहून खोकी परत आली. मार्लिसच्या तोंडचं पाणी पळालं.

बिटररूट नदीच्या काठी मार्लिसच्या नवऱ्याच्या, ऑरिनच्या वडिलांनी हा कारखाना टाकला, तेव्हापासून टॉलेफ्सनची नळी म्हणजे रायफलवाल्यांच्या लेखी सोनं. पोलादी सळीला भोक पाडणं, आत पिळाच्या खाचा कोरणं, ही कामं यंत्रं करतात. खरी मेख पुढे. नळीत वितळलेलं शिसं ओतून गट्टू पाडायचा, त्याला पॉलिश लावायचं आणि दांड्याने तो आतल्या आत मागेपुढे ओढत राहायचा. कुठे घट्ट लागतं, कुठे सैल, ते बोटांनी ओळखायचं. आतून आरशासारखी झाली पाहिजे, आणि गोळी जिथून बाहेर पडते त्या तोंडाकडे उगीच एवढीशी घट्ट. केस फार जाड म्हणावा एवढीशी. मार्लिसने मागे एकदा हवेवर चालणारं मापक विकत आणलं होतं, पण ऑरिनने ते खोक्यातून बाहेर काढू दिलं नाही. माझ्या बोटांवर भरवसा नाही का तुझा, म्हणाला. विषय संपला.

मागणी वाढली तशी नवी यंत्रं आली, आवाराच्या पलीकडच्या टोकाला नवी शेड उभी राहिली. बँकेने कर्ज दिलं, सुताराने दारं दिली. पण हात कुठून आणायचे? घोडं तिथे पेंड खात होतं. माणसं शोधता शोधता मार्लिसच्या नाकी नऊ आले. एक जण कानात गाणी लावून काम करायचा, आणि इथे तर बोटांनी ऐकायचं. दुसऱ्याला उन्हाळ्यात रानात वणवा पेटला की आग विझवायला जायची घाई. तिसरा एल्कच्या शिकारीला म्हणून सुट्टी घेऊन गेला, तो अजून शिकारीलाच आहे.

आणि मग वेंडा सापडली. मिझूलाला एका दंतवैद्याच्या प्रयोगशाळेत वेंडा प्रुइट दाढांच्या टोप्या घडवायची. मार्लिसच्या तोंडातली एक टोपी तिच्याच हातची. घातल्या दिवसापासून ती टोपी जिभेला कधी कळलीच नाही. ज्या बाईला एवढं जमतं तिला नळीचं का जमणार नाही, असं म्हणून मार्लिस तिच्या मागे हात धुऊन लागली. मार्चमध्ये वेंडा आली. पहिल्याच महिन्यात ऑरिनने घासण्याचं सगळं काम तिच्या हवाली केलं. इतका हट्टी माणूस इतक्या लवकर जागा सोडतो याचं मार्लिसला नवल वाटलं, पण नवल करत बसायला फुरसत कुणाला होती.

आता रसेलच्या नळ्या जुन्या शेडमध्ये बाकावर होत्या आणि सगळे भोवती उभे. ऑरिनने एकेका नळीत शिशाची गोळी घातली आणि दांड्याने आरपार ढकलली. डोळे मिटून, वडील करायचे तस्सं. चौथी नळी खाली ठेवून तो म्हणाला, "घासणीच वाईट आहे. हात बसलेला नाही."

वेंडाचा चेहरा पडला. "ऑरिन, मला एकदा बघू द्या."

"काय बघायचंय? मी बघितलं ना? वडिलांच्या नावाची माती झाली इथे. उद्यापासून येऊ नकोस."

"अरे, जरा दमाने घे," मार्लिस म्हणाली. "एवढ्या मुश्किलीने आणलीये मी तिला."

"तर मग तिला दाढा करायला परत पाठव."

वेंडाने एप्रन काढला, घडी केली, बाकावर ठेवला. कुणाकडे न बघता ती बाहेर पडली. ती चिडून गेली असती तरी मार्लिसला चाललं असतं, पण वेंडा स्वतःचेच हात बघत गाडीपर्यंत गेली.  त्या रात्री घासायचं काम मी परत हातात घेतो, असं ऑरिन दोनदा म्हणाला. मार्लिसने टीव्हीचा आवाज वाढवला.

पुढच्या आठवड्यात पहिला बर्फ पडला. दुपारी मार्लिस दालचिनीचे रोल घेऊन नव्या शेडमध्ये गेली. एरवी तिकडे तिचं जाणं होत नसे. ती शेड ऑरिनचा पुतण्या लोवेल सांभाळायचा. घासलेल्या नळ्या तिथे यायच्या, लेथवर बाहेरून तासल्या जायच्या, मागे जाड आणि तोंडाकडे निमुळत्या. मग त्यांच्यावर नाव ठोकलं जायचं. लेथवर गार्नर म्हणून नेवाडाहून आलेला माणूस होता. कामाला वाघ. सप्टेंबरपासून त्याने एक खाडा केला नव्हता.

गार्नरने रोल तोंडात धरला आणि ढकलगाडीवरून आलेली एक नळी उचलली. नळ्या गाडीवर तोंड पुढे करून यायच्या; शेडमध्ये वळायला जागा नव्हती म्हणून त्या आधी लाकडी घोडीवर लावून ठेवायच्या, मग नदीकडची बाजू तोंड धरून लोवेल त्या लेथवर चढवायचा. त्याने नळी अर्धी फिरवली आणि घोडीवर ठेवली.

"फिरवलीस का?" मार्लिसने सहज विचारलं.

"तोंड नदीकडे करायला, मॅम. लोवेलने पहिल्याच दिवशी सांगून ठेवलंय. टॉलेफ्सनकडे तोंड कायम नदीकडे, त्याला वेगळी खूण लागत नाही."

खरंच होतं ते. सासऱ्यांच्या काळापासूनची रीत. घासणाऱ्याने नळी ठेवताना तोंडाची बाजू नदीकडे ठेवायची, पुढच्याने ती तशीच उचलायची. खडूची रेघ मारलेलीसुद्धा सासऱ्यांना खपायची नाही. ज्याला नदी कुठे ते कळत नाही त्याने माझ्या दारात कशाला यावं, म्हणायचे.

"मग बरोबर आहे," मार्लिस म्हणाली आणि तिने घोडीकडे पाहिलं. नळ्यांची तोंडं खिडकीकडे होती. पूर्वेच्या. "गार्नर, नदी कुठे आहे?"

गार्नरने रोल धरलेल्या हाताने खिडकीबाहेर दाखवलं. "ही काय."

खिडकीबाहेर शेतांना पाणी देणारा कालवा होता.

 नदी पश्चिमेला, जुन्या शेडच्या मागे. इथून दिसतसुद्धा नव्हती. वाळवंटातून आलेला माणूस, खिडकीतून पाणी दिसलं, त्याला नदी वाटली. त्याचं तरी काय चुकलं? त्याला कुणी नेऊन नदी दाखवलीच नव्हती. ज्याला त्याला वाटलं, नदी काय दाखवायची असते?

"आल्यापासून असंच ठेवतोयस?"

"आल्यापासून. का हो, काय झालं?"

मार्लिसने हाक मारली तसा लोवेल धावत आला आणि ऐकून पांढराफटक पडला. "काकू, म्हणजे सप्टेंबरपासूनच्या सगळ्या नळ्या उलट्या? घट्ट टोक मागे, सैल टोक तोंडाला?"

"सगळ्या. आणि तासून झालेली नळी काही परत उलटता यायची नाही."

वेंडाच्या हातात काहीही वाईट नव्हतं. ती एकच गोष्ट मार्लिसच्या डोक्यात घणासारखी बसत होती. जिच्यासाठी आपण सहा महिने हात जोडले तिला आपण दहा माणसांदेखत हाकलून दिलं, एका कालव्यापायी.

ऑरिनला सांगितल्यावर तो ओरडेल, लोवेलला चार शिव्या घालेल, मग पश्चात्तापाने डोकं धरेल, असं तिला वाटलं होतं. तसलं काहीच झालं नाही. तो हात पुसत राहिला. मग म्हणाला, "तिच्याकडे तू जा. मी नाही येत."

"का? जीभ झिजेल माफी मागायला? गाडीत बस मुकाट्याने. ती आली नाही तर हा कारखाना वसंतापर्यंत टिकत नाही, कळतंय का तुला?"

तो बसला.  मार्लिसने रसेलची एक नळी, दांडा आणि शिशाच्या गोळ्या सोबत घेतल्या होत्या.

वेंडाने दार उघडलं, पण या म्हणाली नाही. मार्लिसच आत घुसली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून मोकळी झाली. कालव्याचं ऐकून वेंडाला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. तिने नळी मागितली, जेवणाच्या टेबलावर टॉवेल घालून त्यावर ठेवली, आणि गोळी ढकलत नेली. हळू, एका दमात.

"माझीच आहे," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "चांगली आहे हो. आठवडाभर मी स्वतःचे हात बघत बसलेय. प्रयोगशाळेतून फोन आला, परत ये म्हणून, तर त्यांनाही नाही म्हणाले. म्हटलं, माझी बोटं गेली."

"तुझी कशाला जातील बाई," मार्लिस म्हणाली.

वेंडा ऑरिनकडे वळली. "पण तुम्ही ढकलली होती ना गोळी? चारही नळ्यांतून? जाड टोकाला केवढी अडकते ती. काल शिकायला लागलेल्यालाही कळेल. तुम्हाला कसं नाही कळलं?"

ऑरिन खिडकीकडे बघत होता.

"ऑरिन," मार्लिस म्हणाली. "ती काहीतरी विचारतेय."

"लागत नाही मला," तो म्हणाला.

"काय लागत नाही?"

"बोटांना. काहीच लागत नाही. आधी टोकं गेली, मग पूर्ण. दोन वर्षं होतील."

मार्लिसला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. ज्याच्या शेजारी रोज निजतो, ज्याचा हात रोज हातात येतो, त्या हाताला आपण लागत नाही, हे तिला दोन वर्षं माहीत नव्हतं. तिने त्याचा हात धरून करकचून दाबला. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, किती जोरात दाबलंय ते तिथे दिसतं का म्हणून. 

"सांगायचं तरी होतंस मला," ती म्हणाली. 

"काय सांगणार? टॉलेफ्सनच्या बोटांवर तर सगळं चाललंय."

वेंडा खुर्चीवर बसली होती. तिचा आवाज अगदी साधा होता. "मी मार्चमध्ये आले. त्याआधीचं वर्षभर नळ्या जातच होत्या. तुमच्या नावाने. त्या कुणी तपासल्या?"



"कुणी नाही," तो म्हणाला. "सवयीने करायचो. एवढे हात मारायचे, एवढं पॉलिश. डोळे मिटायचे. लोक उभे असायचे ना समोर."

वर्षभराच्या नळ्या. त्यांच्यासोबत जाणारं आभाराचं कार्ड मार्लिस स्वतः लिहायची. ऑरिनने हाताने तपासलेली, असं त्यात असायचं. तिने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले.

"मी येईन," वेंडा म्हणाली. "पण तुम्ही त्या सगळ्यांना कळवल्यावर. आधी नाही."

"सगळ्यांना?" ऑरिन म्हणाला. "सांगितलं तर उरणार काय आपलं?"

 मार्लिसने पर्समधून फोन काढला. ऑरिनची बोटं बटणांवर भलतीकडेच पडली असती म्हणून तिनेच आयडाहोच्या, गेल्या वर्षी नळी नेलेल्या एका गिऱ्हाइकाचा नंबर लावला आणि फोन नवऱ्याच्या कानाशी धरला. पलीकडून कुणीतरी आनंदाने हॅलो म्हणालं. टॉलेफ्सनचं नाव ऐकून तो माणूस आणखीच खूश झाला, आणि ऑरिनने काही म्हणायच्या आत नळीचं कौतुक सांगू लागला.

"ऐक जरा," ऑरिन म्हणाला. "ती नळी मी तपासलेली नाही."