दाबलेलं भिंग

मंगळवारी सकाळी साडेनऊला डॉक्टर ब्रॉनविन टकेटने मर्व केटरिंगच्या पोटरीवरचा गुलाबी डाग पाहिला आणि तो लगेच कापून काढायचं ठरवलं.

मर्व क्वीन्सलंडमध्ये ऊस पिकवतो. सगळं आयुष्य अर्ध्या चड्डीत, उन्हात गेलेलं. बायको ग्लेनिस शेजारी उभी होती.

"हिवाळ्यात इथल्याच डॉक्टर फर्गसनं हाच डाग पाहिला होता," ती म्हणाली. "डास चावलाय म्हणाला."

"भलताच चिवट डास निघाला," मर्व हसला.

"तू गप्प बस!"

ब्रॉनविनने डागावर जेल लावून डर्माटोस्कोपचं, म्हणजे कातडी मोठी करून दाखवणाऱ्या यंत्राचं, भिंग अलगद टेकवलं होतं. आत बारीक लाल ठिपके आणि वेड्यावाकड्या रक्तवाहिन्या दिसल्या. काळा रंग कुठेच नव्हता. बिनरंगी मेलानोमा, म्हणजे त्वचेचा घातक कर्करोग, कित्येकदा एवढीच खूण दाखवतो. तिने भिंग जरा दाबलं. ठिपके नाहीसे झाले.

मग तिने फर्गसने काढलेला जुना फोटो उघडला. डाग कोरा. भोवतालची कातडीही रक्त हटून पांढरीफटक पडलेली.

डाग काढून झाल्यावर ती दवाखान्याचा मालक फर्गस अडेअरच्या खोलीत शिरली.

"भिंग किती जोरात दाबतोस तू?"

"फोटो स्वच्छ यायला नको? आणि तुला हे काम शिकवलं कोणी?"

"तूच. गुलाबी डागावर भार टाकू नकोस, हेही तूच शिकवलंस! रक्त दाबून घालवलंस आणि वर म्हणालास, काही दिसत नाही!"

"हळू बोल. बाहेर लोक बसलेत."

"ऐकू देत. त्यांच्यावरही हेच भिंग दाबलंयस ना?"

ग्लेनिस दारात उभी होती. "म्हणजे तेव्हाच दिसलं असतं?"

फर्गस दार लावायला उठला.

"हो," ब्रॉनविन म्हणाली.

"मी रोज मर्वच्या मागे लागायचे, परत दाखव म्हणून. तो म्हणायचा, डॉक्टरनं यंत्रानं पाहिलंय. यंत्रानं!" तिने दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलं.

प्रयोगशाळेने मेलानोमाच असल्याचं कळवलं. तो पसरलाय का, हे पाहायला पोटरीतून तो आधी जिथे पोचतो ती मर्वच्या जांघेतली लसिकेची गाठ काढून तपासणीला पाठवली आहे. फर्गसने ज्यांचे गुलाबी डाग पाहिले त्या सगळ्यांना परत बोलवा, असं ब्रॉनविनने सांगितलंय. त्याने अजून होकार दिलेला नाही. गाठीचा अहवाल आज दुपारपर्यंत आलेला नव्हता.