हिरासिंगच्या व्हॅनचा मुका सायलेन्सर

मी एक सायलेन्सर बोलतोय. खरं तर गप्प बसणं हेच माझं काम. पण माझ्या गप्प बसण्यावरून एका घरात भांडण झालं, म्हणून आज तोंड उघडतो.

माझा जन्म दारव्ह्याला, उकंडाभाऊंच्या वेल्डिंगच्या दुकानात झाला. माझे मालक हिरासिंग. तांड्यावरून दारव्ह्याला माणसं नेणाऱ्या त्यांच्या जुन्या व्हॅनचं पेट्रोल इंजिन थकलं, तेव्हा त्यांनी भंगारात निघालेल्या जीपचं डिझेल इंजिन तिच्यात बसवलं. इंजिन बसलं, पण सायलेन्सर टिकेना. माझ्याआधीचे सगळे तुटून रस्त्यात पडले. हिरासिंगांना मजबूत म्हणजे घट्ट, एवढंच ठाऊक. ते प्रत्येकाला व्हॅनच्या पत्र्याशी पक्कं जोडून घेत. इंजिन थरथरायचं, पाइपला हलायला जागा नसायची, मग सांधा तडकायचा.

माझ्या वेळीही ते म्हणाले, "उकंडाभाऊ, असा घट्ट जोडा का हत्तीनं ओढला तरी निघाला नाही पाहिजे."

"घट्ट जोडून जोडूनच तं तोडले ना सारे! याले लटकू द्या. इंजिन नाचते, तं हाही नाचन."

उकंडाभाऊंनी जाड पाइप घेतला, इंजिनाजवळ वाकणारा जाळीदार तुकडा बसवला आणि मला रबरांवर टांगलं. हिरासिंगांनी चावी फिरवली, आणि परत फिरवली. त्यांना इंजिन बंदच वाटलं.

मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तो आठवडी बाजारापर्यंत टिकला.

हिरासिंगांच्या पत्नी हंसाबाई दर बाजाराला तांड्यावरून वांगी घेऊन दारव्ह्याला जात. पहिली फेरी करून परतणाऱ्या व्हॅनची धडधड लांबून ऐकू आली की टोपलं उचलायचं आणि मागच्या सीटवर जाऊन बसायचं, ही त्यांची सवय. त्या दिवशी आम्ही चुपचाप तांड्याच्या तोंडाशी आलो. माणसं चढली, दार लागलं, हिरासिंग निघाले. मागे वळून बघायची त्यांना सवय नव्हती. दारव्ह्याला मागचं दार उघडलं, तर ना टोपलं, ना बायको.

"मले काय सपन पडते का, तुमची गाडी आली म्हणून?" संध्याकाळी हंसाबाई कडाडल्या. वांगी तशीच पडून मऊ झाली होती. "उद्या ते नळकांडं कापून टाका!"

दुसऱ्या दिवशी दोघंच निघाले, मला कापायला. रस्ताभर हंसाबाई बोलत होत्या. वांग्यांवरून घराच्या गळक्या पत्र्यांवर आल्या, आणि तिथून मुलीवर, बबितावर.

"तिले कॉलेजात घाला म्हणून कितीदा सांगतलं!"

"मले कवा सांगतलं?"

"याच गाडीत. तुमी हो म्हटलं ना!"

पूर्वीच्या धडधडीत हिरासिंग न ऐकताच सगळ्याला हो म्हणत असत.

दुकान येताच त्यांनी उडीच मारली. "उकंडाभाऊ, कापा लवकर!"

"थांबा," हंसाबाई म्हणाल्या. "राहू द्या त्याले. लगन झाल्यापासून यायले आज पहिल्यांदा ऐकू आलं."

म्हणून मी अजून आहे. बबिताचं नाव कॉलेजात घातलंय. हंसाबाई आता घड्याळ बघून रस्त्यावर येतात आणि पुढच्या सीटवर बसतात.

वाचकांनो, एकच विनंती. दारव्ह्याच्या रस्त्यानं एखादी जुनी व्हॅन आवाज न करता जाताना दिसली, आणि चालवणारा नुसतीच मान डोलावत असला, तर हॉर्न वाजवून मध्ये बोलू नका. त्याचं ऐकणं चालू आहे.