माडीचा मागचा जिना

अमेरिकेत कुठेतरी लढाई पेटली आणि इकडे आमच्या अमरावतीत कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. त्या तेजीत मामंजींनी, म्हणजे खुशालराव देशमुखांनी, घरावर माडी चढवली. वर आम्ही बायका, खाली रुईचे बोरे. पेटत्या चुलीवर बाज टाकून निजण्यातलाच हा प्रकार. पण देशमुखांच्या घरात हे बोलणार कोण?

माडीला मागून एक लाकडी जिना होता, परसात उतरणारा. आगीबिगीच्या वेळी हवा म्हणून सासूबाईंनी हट्टानं करून घेतलेला. तो जिना आणि माडीच्या खिडक्या राखायचं काम हलीमाबीकडे. गोशातल्या बायकांच्या खिडकीला गडी माणूस शिडी कशी लावणार? म्हणून सुताराची ही विधवाच पदर खोचून शिडीवर चढायची, पावसानं फुगलेल्या झडपा तासायची, पायऱ्यांना जवसाचं तेल चोळायची. जीभ मात्र तिची सात वेळा रंधा मारला तरी गुळगुळीत व्हायची नाही.

त्या दिवशी सकाळीच मामंजींनी फर्मान काढलं की उद्या हा जिना काढायचा, त्या जागी बोरे रचायचे. माझं तर काळीजच हललं. माझं लेकरू दोन महिन्यांचं, आणि त्याचा पाळणा नेमका रुईच्या डोक्यावर. आठवड्यापूर्वीच पलीकडच्या गल्लीत चिलमीच्या एका ठिणगीनं अख्खी वखार गेली होती.

हलीमाबी सरळ मामंजींपुढे उभी राहिली. मामंजी हसले. म्हणाले, बायका लुगडं सावरून उतरतील तोवर गाव जळून थंड होईल, जिना असून काय उपयोग? मग पाहूनच घ्या, ती म्हणाली. पैज ठरली. थाळी वाजल्यापासून मामंजींचं पान चघळून होईतो आम्ही तिघी परसात उतरलो तर जिना राहील. नाही तर उद्या कुऱ्हाड.

दुपारी परसातले सगळे गडी बाहेर घालवले. काय आमची धांदल! सासूबाई साठीच्या, पण सकाळपासून तीनदा खिडकीशी जाऊन आल्या. थोरल्या जाऊबाई, सुभद्रा, एरवी जांभई द्यायलाही आळस करायच्या. त्यांनी ओचा कमरेला घट्ट खोचला. मी लेकराला छातीशी धरलं. थाळी वाजली तशा आम्ही निघालो. पुढे जाऊबाई, मधे मी, मागे सासूबाई. पायऱ्या कशा मजबूत, दार कसं एका बोटानं उघडलं! मला तर ओरडून हसावंसं वाटत होतं.

आणि वळणावर जाऊबाई खिळल्या. खाली, जिन्याच्या अगदी तोंडाशी, बाज टाकून मामंजी बसले होते, पैज पारखायला. जाऊबाईंनी दोन्ही हातांनी पदर नाकापर्यंत ओढला आणि भिंतीकडे वळल्या. मीही तेच केलं. कठडा सुटला, पाय घसरला, लेकरू हातातून निसटता निसटता राहिलं. मागून सासूबाईंनी माझा दंड धरला म्हणून बरं. तिघी तिथंच अडकलो. खाली उतरायला पाच पायऱ्या उरल्या होत्या.

मामंजी थुंकले. पान संपलं, उद्या जिना निघणार, असं म्हणाले. हलीमाबीनं थाळी खाली ठेवली.

मला असा संताप आला! मामंजींशी बोलायची सोय नव्हती, म्हणून मी सासूबाईंकडे तोंड करून, पण मामंजींना ऐकू जाईल असं बोलले.

"आत्याबाई, मामाजीले सांगा. एक हात कठड्याले लागते, एक लेकराले. पदराले तिसरा हात मी कुठून आनू? आग लागन तवा बी मामाजी खालीच उभे राहतीन. मंग आमी लाजंपायी वरच जळाचं का?"

माझे कान तापले. आता माहेरी रवानगी, मी मनाशी म्हटलं. बाज करकरली, मामंजी उठले. पाठ फिरवून निघून जातील असं वाटलं, पण जोडे जिन्याच्या पायथ्याशी येऊन थांबले.

"जिना राहीन," ते म्हणाले. "हलीमाबी, वाजव थाळी पुन्यांदा. सूनबाई, पदर सोड. कठडा धर."

मी पदर सोडला. एक हात कठड्याला, एक लेकराला, आणि मान वर. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मामंजींचे जोडे आणि खोकला एवढंच मला ठाऊक होतं. त्यांच्या मिशा पार पांढऱ्या होत्या, आणि लेकराला घ्यायला त्यांनी दोन्ही हात पुढे केले होते.